नियम दिल्लीचा, कुदळ गल्लीची

घरांतील अग्नीची निगा राखणें हें आपल्याकडे गृहस्थाश्रमाचें पहिलें कर्तव्य मानलें गेलें आहे. त्या अग्नीचें रूप मात्र पिढीपिढीला पालटत आलें. लांकडांची चूल मागें पडली, कोळशाची शेगडी आली. तिच्या जोडीला रॉकेलचा स्टोव्ह फरफरूं लागला. १९५५ सालीं मुंबईंत सिलिंडरचा गॅस विकावयास निघाला व पुढें तो गांवोगांव पोंचला. आतां त्याच्याहि पुढची पायरी म्हणून पाइपचा गॅस आपल्या दारीं येत आहे. मुंबईंत त्यासाठीं १९९५ सालीं कंपनी निघाली, पुण्यास २००६ सालीं; आणि पुढें मध्यवर्ती नियामक मंडळानें सोलापूर जिल्ह्यांतील कामाचाहि परवाना दिला.

या गॅसची घरोघरीं चर्चा चालते ती सोयीची आणि खर्चाची. ऐन सणाच्या दिवशीं सिलिंडर संपण्याची धास्ती नाहीं, नंबर लावून वाट पाहणें नाहीं, जड टाकी जिन्यावरून चढविणें नाहीं. विजेप्रमाणें मीटर पाहून बिल भरावें, कीं झालें. हे सर्व लाभ खरे आहेत व त्यांचें मोल घरांतील स्त्रियांना अधिक कळतें. परंतु एक प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं, आणि तोच या महिन्याचा आमचा विषय आहे. या गॅसच्या सुरक्षिततेचे नियम करणार कोण, आणि ते पाळले जातात कीं नाहीं हें पाहणार कोण?

चुलींतला विस्तव घरांतच होता; घरच्या माणसानें विझविला कीं विझला. सिलिंडरहि घरांतच असतो. रात्रीं निजण्यापूर्वीं थोरल्या सुनेनें रेग्युलेटर बंद केला कीं पंधरा माणसांचें कुटुंब निश्चिंत झोपतें. पाइपच्या गॅसचें तसें नाहीं. स्वयंपाकघरांतील चावी बंद केली तरी भिंतीपलीकडे, अंगणाखालीं आणि रस्त्याखालीं तो अहोरात्र दाबाखालीं उभाच असतो. ज्या नळावर आपली चावी चालत नाहीं, त्यावर कोणाची तरी नजर चाललीच पाहिजे. ती नजर कोणाची, हा कायद्याचा प्रश्न दिसावयास रुक्ष आहे. पण तो आपल्या उंबरठ्यापासून दहा हातांवरच सुरू होतो.

प्रथम या गॅसचा स्वभाव थोडक्यांत सांगितला पाहिजे, कारण तो सिलिंडरच्या गॅसहून निराळा आहे. सिलिंडरांतील गॅस हवेहून दीडपट ते दुप्पट जड असतो. तो गळला तर जमिनीलगत पसरतो, मोरीच्या खळग्यांत, ओट्याखालीं साचून राहतो. पाइपचा गॅस म्हणजे नैसर्गिक वायु. त्यांत मुख्यतः मीथेन असतो, आणि तो हवेच्या निम्म्याहून थोड्याच अधिक वजनाचा असतो. तो गळला तर वर चढतो व छताखालीं सांचतो. म्हणून पहिल्यासाठीं खालचा झरोका महत्त्वाचा, तर दुसऱ्यासाठीं वरचा. हवेंत या वायूचें प्रमाण शेंकडा ५ ते १५ झालें म्हणजे एका ठिणगीनें स्फोट होऊं शकतो. त्याहून कमी असतां किंवा अधिक असतां तो पेट घेत नाहीं. स्वतः त्याला रंग नाहीं, वासहि नाहीं. आपल्याला जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त द्रव्याचा असतो. हा वास मिसळणें कंपनीच्या मर्जीवर सोडलेलें नाहीं, नियमानें बंधनकारक आहे. आणि तो नियम कसा जन्मला हें पुढें सांगूं.

आतां धोका कोठें आहे तें पाहूं. घरांत पोंचेपर्यंत या गॅसचा दाब फार उतरवलेला असतो. शेगडीपाशीं तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून सुमारें पन्नासाव्या हिश्श्यानेंच अधिक राहतो. गल्लींतील नळांत तो त्याच्या कित्येक पट असतो, आणि शहराला पुरवठा करणाऱ्या मुख्य पोलादी नळांत त्याहूनहि पुष्कळ अधिक. गल्लींतील नळ बहुधा पॉलिएथिलीन नांवाच्या प्लॅस्टिकचे असतात. ते गंजत नाहींत हा त्यांचा मोठा गुण. परंतु कुदळीचा घाव किंवा जेसीबी यंत्राचा दांत त्यांना सोसत नाहीं. शिवाय लोखंडी नळ जमिनीवरून यंत्रानें हुडकतां येतो, तसा नुसता प्लॅस्टिकचा नळ हुडकतां येत नाहीं. त्याचा ठावठिकाणा नकाशांतूनच कळावयाचा. तो नकाशा खोदणाऱ्याच्या हातीं नसेल, तर खोदणारा डोळे मिटूनच खोदीत असतो.

आणि खोदणारे किती! पाण्याचा नवा नळ घेणारा प्लंबर, भुयारी गटाराचा कंत्राटदार, तारा पुरणाऱ्या टेलिफोनच्या कंपन्या, विजेचा खांब बदलणारे, उत्सवाच्या मांडवासाठीं खांब रोवणारे कार्यकर्ते, अगदीं रस्त्याकडेला झाड लावणारे सद्गृहस्थसुद्धां. उजनीचें पाणी दूरवरून आणून तें कांहीं दिवसांच्या अंतरानें पेठापेठांना वांटण्यांत सोलापूरची कित्येक वर्षें गेलीं. त्या पाण्यासाठीं, आणि २०१६ च्या जानेवारींत या शहराची निवड ‘स्मार्ट सिटी’च्या पहिल्या वीस शहरांत झाल्यावर इतर सोयींसाठींहि, येथील रस्त्यांनीं खोदाई पुष्कळ पाहिली आहे. त्यांत आपली जमीन काळी. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात. तिच्या पोटांतल्या नळांना आणि सांध्यांना हा ताण वर्षानुवर्षें सोसावा लागतो. असा नळ एकदां पुरला म्हणजे काम संपलें असें नाहीं. त्याची पुनः पुनः तपासणी झाली पाहिजे.

नियम एक आणि तपासणी जागच्या जागीं, ही रचना आपल्याला नवी नाहीं. ज्या गिरण्यांच्या भोंग्यांवर सोलापूर कित्येक पिढ्या उठलें आणि निजलें, त्यांच्या पोटांत वाफेचे बॉयलर होते. १८६३ सालीं कलकत्त्यास एक बॉयलर फुटून पुष्कळ माणसें दगावलीं, आणि पुढच्याच वर्षीं बंगाल प्रांतानें बॉयलरच्या तपासणीचा कायदा केला. मग इतर प्रांतांनींहि आपापले कायदे केले. पण प्रत्येकाचीं मापें आणि अटी निराळ्या. एकच यंत्र प्रांताची वेस ओलांडतांच दुसऱ्या नियमांत सांपडे. या गोंधळाला कंटाळून अखेर समिति नेमण्यांत आली, आणि १९२३ सालीं साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला एकच बॉयलर कायदा मिळाला. २०२५ सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली, तरी मूळची घडण तीच राहिली आहे. पत्रा किती जाड असावा, दाब किती चालावा, हे नियम सर्व देशाला एक; तपासणी मात्र राज्य सरकारच्या निरीक्षकाची. निरीक्षक गिरणींत येई, थंड केलेला बॉयलर उघडून पाही, पाण्याच्या दाबानें त्याची परीक्षा घेई, आणि त्याच्या दाखल्यावांचून बॉयलर पेटवितां येत नसे. नियम लांबचा, पण डोळा जवळचा, अशी ही सांगड होती.

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांनीं गॅसच्या नळांच्या बाबतींत हीच सांगड घातली, परंतु ती घालण्यास त्यांना फार मोठी किंमत द्यावी लागली. टेक्सास राज्यांतील न्यू लंडन या गांवीं एक संपन्न शाळा होती. तेलाच्या विहिरींतून निघणारा वायु तेथें जवळजवळ टाकाऊ समजला जाई. पैसे वांचविण्यासाठीं शाळेनें त्याच्याच नळाला जोड घेतली. त्या वायूला वास नव्हता. तो तळमजल्याखालच्या पोकळींत गळत राहिला आणि कोणास कळलें नाहीं. १८ मार्च १९३७ रोजीं दुपारीं शाळा सुटण्याच्या सुमारास एका यंत्राच्या बटणाची ठिणगी पडली, आणि जवळजवळ तीनशें मुलें व शिक्षक त्या स्फोटांत मरण पावले. त्यानंतर टेक्सास राज्यानें गॅसमध्यें वास मिसळण्याची सक्ती केली, आणि पुढें ती सर्वत्र पसरली. आपल्या स्वयंपाकघरांत ज्या वासानें आपण दचकतों, त्या वासामागें त्या लेंकरांची आठवण आहे.

१९६८ सालीं अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें गॅसच्या नळांच्या सुरक्षिततेचा देशव्यापी कायदा केला. त्याची रीत ध्यानांत घेण्यासारखी आहे. मध्यवर्ती सरकारनें किमान नियम घालून द्यावयाचे. ज्या राज्याला आपल्या हद्दींतील नळांची देखरेख स्वतः करावयाची असेल, त्यानें ते किमान नियम आपल्या कायद्यांत उतरवून घ्यावयाचे, आणि तसें केल्याचा दाखला दरवर्षीं द्यावयाचा. राज्याला अधिक कडक नियम करण्यास हरकत नाहीं. सैल करण्यास मात्र परवानगी नाहीं. राज्यानें निरीक्षक नेमले तर त्या खर्चाचा शेंकडा ८० पर्यंतचा वांटा मध्यवर्ती सरकार उचलूं शकतें. म्हणून मध्यवर्ती नियम बदलला कीं तेथील राज्यांच्या सरकारांना आपली नियमावली काढून ती नव्याशीं जुळवून घ्यावी लागते. हें काम नीरस आहे, वर्तमानपत्रांत त्याची बातमी क्वचितच येते. पण दोन नियमांमध्यें फट राहूं न देणें हाच त्याचा सारा अर्थ आहे.

फट राहिली म्हणजे काय होतें, हेंहि त्याच देशानें पाहिलें. ९ सप्टेंबर २०१० रोजीं कॅलिफोर्नियांतील सॅन ब्रुनो या गांवीं, घरांच्या ओळीखालून जाणारा मोठा नळ फुटला. आठ माणसें गेलीं, अडतीस घरें जळून नष्ट झालीं. तो नळ १९५६ सालचा होता. कंपनीच्या दप्तरीं तो बिनसांध्याचा असल्याची नोंद. प्रत्यक्षांत त्याला सदोष सांधा होता. नवे नियम आले तेव्हां जुन्या नळांना दाबाच्या परीक्षेंतून सूट मिळाली होती, म्हणून तो दोष उघडकीस येण्याची संधीच आली नाहीं. गॅस बंद करावयास दीड तासाहून अधिक वेळ लागला. पुढें झालेल्या चौकशींत कंपनीबरोबर देखरेख करणाऱ्या राज्याच्या मंडळावरहि ठपका आला. नियम होता, निरीक्षकहि होता. परंतु नियमांत सूट होती आणि निरीक्षण ढिलें होतें. सांगड घातली तरी ती जागती ठेवावी लागते, हा त्याचा बोध.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्या राज्यघटनेंत राज्यांच्या अधिकारांच्या यादींत पंचविसावी नोंद आहे, ‘गॅस व गॅसचे कारखाने’. ती तेथें आली तो काळ निराळा होता. १८६५ सालीं मुंबईचे रस्ते ज्या दिव्यांनीं प्रथम उजळले, त्यांचा गॅस दगडी कोळसा तापवून कारखान्यांत तयार केलेला असे. १९३५ च्या कायद्यानें हा विषय प्रांतांकडे दिला, आणि घटनेनें तो तसाच राज्यांकडे ठेवला. पुढें गुजरातमध्यें नैसर्गिक वायूचा व्यापार वाढला, तेव्हां त्या राज्यानें २००१ सालीं गॅसचें वहन, पुरवठा व वांटप यांविषयीं स्वतःचा कायदा केला. हा अधिकार राज्याचा कीं केंद्राचा, असा प्रश्न उभा राहिला आणि राष्ट्रपतींनीं तो सर्वोच्च न्यायालयाकडे मतासाठीं पाठविला. २५ मार्च २००४ रोजीं घटनापीठानें मत दिलें, कीं जमिनींतून निघणारा नैसर्गिक वायु हा खनिज तेलाच्या वर्गांतला असून तो मध्यवर्ती यादींतील त्रेपन्नाव्या नोंदींत पडतो. राज्यांच्या यादींतील ‘गॅस’ म्हणजे कारखान्यांत तयार होणारा. म्हणून नैसर्गिक वायूपुरता गुजरातचा कायदा अधिकाराबाहेरचा ठरला.

या मतानें एक गोष्ट चांगली झाली. अमेरिकेंतल्याप्रमाणें राज्याराज्यांनीं वेगळे नियम करून ते मागाहून जुळवीत बसण्याची कटकट आपल्याला उरली नाहीं. २००६ सालीं संसदेनें पेट्रोलियम व नैसर्गिक वायु नियामक मंडळाचा कायदा केला. त्या मंडळानें २००८ सालीं शहरांतील गॅसच्या जाळ्यांसाठीं तांत्रिक व सुरक्षिततेचे नियम प्रसिद्ध केले, २०१० सालीं अपघाताच्या वेळच्या व्यवस्थेचे, आणि २०१३ सालीं जाळें वर्षानुवर्षें धड राखण्याचे. नळ कोणत्या जातीचा, किती खोल, त्यावर धोक्याची सूचना देणारी पट्टी, झडपा कोठें, गॅसला वास किती, हें सर्व त्यांत आलेलें आहे. स्फोटक द्रव्यांच्या सुरक्षिततेचें मध्यवर्ती कार्यालय तर आपल्याच नागपुरास आहे. गॅस भरण्याचे पंप आणि सिलिंडर यांवर त्याची देखरेख असते. म्हणजे नियमांचा दुष्काळ आपल्याकडे नाहीं.

परंतु बॉयलरच्या कायद्यांतील दुसरा अर्धा भाग मात्र येथें राहून गेला. नियामक मंडळ दिल्लींत. त्यानें मान्यता दिलेल्या त्रयस्थ संस्थांकडून कंपनीनें आपली तपासणी करवून घ्यावयाची, अशी मुख्य व्यवस्था. राज्य सरकारचा, बॉयलरच्या निरीक्षकासारखा, गॅसच्या नळांचा निरीक्षक जिल्ह्यांत नाहीं. उलट ज्या रस्त्याखालून नळ जातो तो रस्ता राज्याच्या यादींतला. ज्या महानगरपालिकेच्या परवानगीनें तो खोदला जातो तीहि राज्याच्या यादींतली. घर कसें बांधावें हें ठरविणारी २०२० ची एकत्रित विकास नियमावली राज्याची. आणि आग लागली म्हणजे धांवणारें अग्निशामक दल महानगरपालिकेचें. २०२५ च्या मे महिन्यांत अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ माणसें दगावलीं. ती आग गॅसच्या नळाची नव्हती. पण अशा वेळीं प्रथम कोण धांवतें, हें तिनें पुनः दाखविलें. वायु दिल्लीचा आणि रस्ता सोलापूरचा, अशी ही वांटणी आहे. आणि दोघांच्या मधल्या फटींत कुदळ पडते.

केवळ मध्यवर्ती नियम व मोठी कंपनी असली कीं पुरें होतें, असेंहि समजूं नये. २७ जून २०१४ रोजीं पहांटे आंध्र प्रदेशांत गोदावरीकांठच्या नगरम् गांवीं सरकारी कंपनीचा मोठा नळ फुटला व वीसाहून अधिक माणसें जळून मेलीं. कोरड्या वायूसाठीं असलेल्या नळांतून पाण्याचा अंश असलेला वायु वाहत होता, त्यानें पोलाद आंतून खाल्लें होतें. आंतून खाल्लेला नळ वरून दिसत नाहीं. म्हणूनच जवळच्या, नित्याच्या आणि स्वतंत्र तपासणीची गरज.

तर मग काय करावें? आमच्या मतें राज्य सरकारनें नवा गॅस कायदा करण्याचें कारण नाहीं, आणि २००४ च्या मतानंतर त्याला तो अधिकारहि नाहीं. परंतु जें राज्याचें आहे तें त्यानें मध्यवर्ती नियमांशीं जुळवून घ्यावें. रस्ते खोदण्याच्या परवानगीच्या अटींत, सरकारी व महानगरपालिकेच्या प्रत्येक कंत्राटांत, गॅसच्या नळाच्या जवळ खोदतांना कंपनीचा माणूस समोर उभा असलाच पाहिजे अशी अट घालावी. मध्यवर्ती सरकारनें २०२३ च्या मार्चमध्यें खोदण्यापूर्वीं सूचना देण्याचें एक मोबाइल ॲप सुरू केलें आहे. त्यावर सूचना दिल्यावांचून कोणत्याहि खोदाईचें बिल मंजूर होऊं नये. अमेरिकेंत २००७ पासून खोदण्यापूर्वीं ८११ हा एकच क्रमांक फिरवावा लागतो. तेथें तो शाळकरी पोरालाहि ठाऊक असावा अशी खटपट चालते. नळांचा नकाशा महानगरपालिकेच्या प्रत्येक विभागीय कार्यालयांत असावा व तो दर महिन्यास ताजा व्हावा. कंपनी आणि अग्निशामक दल यांची एकत्र कवाईत वर्षांतून एकदां तरी शहरांत उघडपणें व्हावी. आणि मध्यवर्ती मंडळानें अधिकार सोंपवून दिले, तर बॉयलरच्या धर्तीवर राज्याचा निरीक्षक नेमावा. त्याचा खर्च दोघांनीं मिळून सोसावा.

कोणी म्हणेल, आणखी एक निरीक्षक म्हणजे आणखी एकाचे हात ओले करणें. ही शंका निराधार नाहीं. परंतु तिचा उपाय निरीक्षक नसणें हा नव्हे. त्याचा अहवाल सर्वांना वाचतां येणें हा आहे. बॉयलरच्या तपासणीचा दाखला असतो, तसा गल्लीगल्लींतील नळ केव्हां तपासला, गळती कोठें सांपडली व ती किती दिवसांत मिटविली, याचा अहवाल मराठींत प्रसिद्ध व्हावा. आज हे नियम इंग्रजींत आहेत. ज्या गृहिणीच्या ओट्याशीं तो नळ येतो तिला ते वाचतां येऊं नयेत, हें योग्य नव्हे. दुसरे कोणी म्हणतील, इतक्या अटी घातल्या तर काम रेंगाळेल व गॅस महाग होईल. थोडा होईल. पण अपघाताचा खर्च कोणत्याहि बिलांत मावत नसतो, आणि तो बहुधा ज्यांनीं पैसे वांचविले त्यांच्यावर पडत नाहीं.

सरकार आपलें करील तेव्हां करो. घरानें आपलें आजच करावें. सिलिंडरची शेगडी पाइपच्या गॅसवर तशीच लावूं नये. तिच्या जेटचें छिद्र बदलावें लागतें, आणि तें कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्यावें. शेगडीची रबरी नळी पांच वर्षांनीं, किंवा तिला चीर दिसतांच त्याआधीं, बदलावी. नळ सुंदर दिसत नाहीं म्हणून तो लांकडी कपाटांत किंवा भिंतींत झांकून टाकूं नये. सोलापूरच्या उन्हाळ्यांत दुपारच्या झळा टाळण्यासाठीं आपण खिडक्या लावून घेतों. लावाव्या, परंतु स्वयंपाकघराचा वरचा झरोका कधींहि बुजवूं नये, कारण हा गॅस वरच चढतो. जुन्या वाड्यांत देवघर बहुधा स्वयंपाकघराला लागूनच असतें आणि तेथें नंदादीप अखंड जळत असतो. त्याची जागा शेगडी, नळ व मीटर यांपासून दूर असावी; याला कोणत्याहि शास्त्राची आडकाठी येणार नाहीं.

आणि गॅसचा वास आलाच तर काय करावें, तें घरांतील आजोबांपासून शाळेंत जाणाऱ्या मुलापर्यंत सर्वांना तोंडपाठ असावें. दिवा, पंखा, घंटा यांचें कोणतेंहि बटण दाबूं नये. चालू असेल तें बंदहि करूं नये, कारण ठिणगी दोन्ही वेळां पडते. शेगडीच्या व मीटरच्या चाव्या बंद कराव्या, दारें-खिडक्या उघडाव्या, सर्वांनीं बाहेर पडावें, आणि मगच बाहेरून कंपनीच्या तातडीच्या क्रमांकावर व अग्निशामक दलाच्या १०१ वर फोन करावा. सिलिंडरचा गॅस गळत असेल तर त्यासाठीं १९०६ हा क्रमांक आहे. हे क्रमांक मोबाइलमध्यें असून पुरत नाहीं. दाराशीं कागदावर लिहून लावलेले असावेत, कारण घाबरलेल्या माणसाला यंत्र चालवितां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट सर्वांना करतां येण्यासारखी आहे. आपल्या गल्लींत कोणी खोदूं लागलें तर त्याला एवढेंच विचारावें, ‘गॅसचा नळ कोठून जातो हें ठाऊक आहे काय? नकाशा पाहिला काय?’ विचारणाऱ्याला कोणी उद्धट म्हणणार नाहीं. नगरसेवक मतें मागावयास येतील तेव्हां त्यांनाहि हाच प्रश्न विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावें. नियम दिल्लींत लिहिला जातो हें ठीकच आहे. पण तो पाळला जातो किंवा मोडला जातो तो आपल्या दारासमोर, आणि तेथें दिल्लीहून कोणी उभा राहणार नाहीं.